बकासुरानंतरचं केळझर

केळझरचा इतिहास गावात कुणालाही विचारा, तो बकासुरापासून सुरू होतो. लाक्षागृहातून निसटलेले पांडव जिथं वेष पालटून राहिले ती एकचक्रानगरी हीच, भीमानं बकासुराला मारलं ते इथंच, आणि टेकडीवरचा सिद्धिविनायक वसिष्ठ ऋषींनी स्थापलेला. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. हे सगळं सांगून झालं की सांगणारा जरा थांबतो आणि एकदम समृद्धी महामार्गावर येतो. मधला काळ गायब. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली ती सिंदीवरून, केळझरला बाजूला ठेवून. त्यामुळे स्टेशनाभोवती वाढलेल्या गावांचा जसा एक लेखी इतिहास तयार होतो, तसाही इथं झाला नाही. नागपूर-वर्धा रस्ता, रस्त्याकाठचं गाव, मागं टेकडी, भोवती काळी जमीन आणि तिच्यात कापूस. गॅझेटियर लिहिणाऱ्या इंग्रजांनीही केळझरच्या वाट्याला मुख्यत्वे बकासुराचीच कथा दिली.

एकचक्रानगरी आपलीच असं म्हणणारी गावं देशात आणखीही आहेत. तो वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं वाटतं ते असं की बकासुराची कथा मुळात एका साध्या घराची आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा राक्षसाचा रतीब. घराघराची पाळी लागलेली. ज्या घराची पाळी आली त्या घरातले नवरा-बायको, मुलगी, छोटा मुलगा, सगळे कथेत बोलतात, रडतात, मीच जातो म्हणून भांडतात. पण त्या कुटुंबाचं नाव महाभारतात नाही. भीमाचं आहे, राक्षसाचं आहे. पांडवांना ओसरी देणाऱ्याचं नाही.

हे मनात ठेवून मी केळझर आणि आसपासच्या घरांतले जुने फोटो पाहतो. भिंतीच्या वरच्या अंगाला, पुढं कललेले, दोरीला आणि खिळ्याला लटकलेले. काही काचांवर कुंकवाचा टिळा, म्हणजे आतला माणूस गेलेला. काही फोटोंना कसर लागलेली, काहींना पावसाळ्याची ओल लागून कडेचा भाग आरशासारखा चंदेरी झालेला. गावाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणून दाखवता येईल असं जे काही आहे, ते बहुतांशी इथं आहे.

पण भिंतीवरच्या या फोटोंआधी वेगळाच एक कॅमेरा या मुलखात येऊन गेला होता. रॉबर्ट व्हेन रसेल हा मध्यप्रांतातला आयसीएस अधिकारी. वर्धा जिल्ह्याचं 1906 चं गॅझेटियर त्यानंच संपादित केलं. पुढं रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्यानं त्यानं मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. ग्रंथ 1916 साली लंडनला छापून आला तेव्हा रसेल हयात नव्हता. 30 डिसेंबर 1915 ला ‘पर्शिया’ नावाचं जहाज भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीनं बुडवलं, त्यात तो गेला. त्याच्या चौथ्या खंडात कुणब्यांवर आणि कुर्म्यांवर लांबलचक प्रकरणं आहेत आणि त्यांत फोटो आहेत. पेरणी, मळणी, उफणणी, जात्यावर बसलेल्या बाया, पोळ्यासाठी केलेले प्राणी, उंच काठ्यांवर चालणारी मुलं, आणि पोळ्याला त्या काठ्या पाण्यात फेकतानाचं एक चित्र.

वर्ध्याच्या माणसाला ही पानं चाळताना ओळखीचा झटका बसतो. पोळ्याचे ते बैल पाहिले की तान्हा पोळा आठवतो. केळझरच्याच तालुक्यातल्या सिंदीचा तान्हा पोळा तर दूरदूरचे लोक पाहायला येतात. चाकं लावलेले लाकडी नंदी, काही पोरांच्या हातात मावणारे, काही पोरांहून उंच. आपलंच आहे हे, असं वाटतं. मग मथळ्याकडं लक्ष जातं आणि पायाखालची जमीन जरा सरकते. मथळ्यात काम आहे, सण आहे, जात किंवा धर्म आहे. गाव नाही. काठ्यांवरची मुलं नेमकी कुठली? अशा काठ्यांना छत्तीसगडात गेडी म्हणतात आणि पोळ्याच्या सुमारास त्या पाण्यात सोडण्याची चाल तिकडची म्हणूनच जास्त प्रसिद्ध आहे. म्हणजे कुणब्यांच्या प्रकरणात बसलेली ही मुलं कदाचित शेकडो मैल पूर्वेकडची असतील. ग्रंथकर्त्याला त्यानं फरक पडत नव्हता. त्याला नमुना हवा होता, मुलगा नको होता.

याच खंडात पुढं मराठ्यांच्या प्रकरणात बिंबाजी भोसल्याच्या चिलखती पुतळ्याचा फोटो आहे. दगडाच्या माणसाला नाव आहे आणि तिफणीमागं चालणाऱ्या जिवंत माणसाला नाही, याहून त्या ग्रंथावर वेगळी टीका करायची गरज नाही. तरी एक मान्य करायला हवं. ही चित्रं नसती तर त्या काळची मळणी, उफणणी आपल्याला अशी डोळ्यांनी दिसली नसती. केळझरातल्या कुठल्याही घरानं वखरणीचा किंवा दळणाचा फोटो पैसे देऊन काढून घेतला नसता. जे रोज करायचं त्याचा कसला फोटो?

दुसरा कॅमेरा सेवाग्रामचा. गांधीजी 1936 साली शेगावात राहायला आले, पुढं त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. केळझरहून वर्धा पंचवीसेक किलोमीटर आणि तिथून सेवाग्राम आणखी आठेक. गांधीजींचा नातू लागणारा कनू गांधी तिथं कारकुनी कामं करणारा विशीतला पोरगा. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम एक पैसा देणार नाही. या तीन अटींतून भारतीय छायाचित्रणातलं काही फार सुंदर काम निघालं. टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावलेले गांधीजी, सूक्ष्मदर्शकातून पाहणारे गांधीजी, कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी. रोलायफ्लेक्स पोटाशी धरायचा असतो, फोटो काढणारा मान खाली घालून वरच्या काचेत पाहतो. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडत नाही. त्या मान खाली घालण्याचाही या चित्रांच्या मोकळेपणात वाटा असणार.

कनू गांधींच्या या चित्रांनी आपल्याला एक सवयही लावली. बेसावध क्षण तो खरा, आणि पोझ म्हणजे खोटं, असं आपण धरून चालतो. आजचे लग्नाचे फोटोग्राफरही ‘नॅचरल राहा’ म्हणून नवरानवरीला दमात घेतात. गांधीजींना पोझ नाकारणं परवडत होतं. त्यांचे फोटो दिवसाला कितीही निघत होते. आयुष्यात एकदाच, फार तर दोनदा, कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या माणसानं बेसावध का राहावं? त्यानं ठरवलेली बैठक, त्यानं काढून नेसलेलं धोतर, त्यानं पुढं केलेला घड्याळाचा हात, हा त्याचा स्वतःबद्दलचा जबाब आहे. रसेलच्या फोटोतल्या माणसांना तो देता आला नाही.

असा एक जबाब मी केळझरातल्या एका ओळखीच्या घरात पुष्कळदा पाहिला आहे. घराण्याचा ग्रुप फोटो. पोस्टकार्डाहून थोडा मोठा, पांढरा काठ, आणि काठाची कड मुद्दाम दातेरी कातरलेली. ही कातरलेली कड पन्नास-साठच्या दशकांत फार चालली, तेव्हा काळ साधारण तोच. मागं कवेलूचं छप्पर खाली उतरलेलं. सारवलेल्या अंगणात सतरंजी, तिच्यावर पोरं मांडी घालून. मधोमध दोन खुर्च्या. खुर्च्या एका जोडीच्या नाहीत: एक हातांची, वेताची, दुसरी साधी लाकडी, पाठ जरा मोडलेली. एक तरी खुर्ची शेजारून किंवा शाळेतून आणलेली असणार.

आता खुर्चीत कोण आहे ते पाहा. लाकडी खुर्चीत घरचा म्हातारा. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं फाकलेली, जणू कुणी मोजणार आहे. चांगल्या, हातांच्या खुर्चीत मात्र एक तरुण, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा, दुपट्ट्याच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. हा घरचा मुलगा नाही, कारण घरचे मुलगे मागं उभे आहेत, वयानं याच्याहून थोर. हा जावई. त्याच्यासाठी चांगली खुर्ची, त्याच्यासाठी कोरा दुपट्टा, आणि बहुधा हा सगळा फोटोच त्याच्यासाठी. म्हातारी, म्हणजे त्या घराची खरी मालकीण, सतरंजीवर. तिच्या मांडीवर एक लेकरू, आणि लेकराला तोंड नाही. ऐन वेळी त्यानं मान हलवली, तिथं नुसता धुरकट गोळा उमटला आहे.

घरातले लोक या फोटोला धोंड्याचा फोटो म्हणतात. अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडा खाऊ घालतात, तेव्हाचा. पटण्यासारखं आहे, आणि मोहातही पाडणारं: अधिक महिना दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, तेव्हा पंचांग घेऊन बसलं तर साल सापडू शकतं. पण फोटोच याला आडवा येतो. ओसरीच्या आत, मागच्या मुलांच्या खांद्यांमधून, एक पांढरा पट्टा दिसतो. घरात तो फोटोचा डाग समजला गेला. भिंग लावून पाहिलं की डागाला कडा दिसतात, गोळे दिसतात, वरची बाजू ढिगासारखी उतरती दिसते. तो कापूस आहे. वेचून आणलेला, विकायचा राहिलेला, ओसरीत भरलेला. आमच्याकडं कापूस घरात येतो तो दिवाळीच्या आगेमागे आणि नंतर. अधिक महिना सहसा चैत्र ते आश्विन या काळात पडतो. म्हणजे जावई आला तो दिवाळीला. आणि त्या वर्षी पीक बरं होतं, निदान ओसरी भरण्याइतकं. फोटोग्राफरला द्यायला पैसेही त्याच ढिगातून निघाले असणार, हा माझा तर्क.

फोटोग्राफर कोण होता? नाव नाही, मागं शिक्का नाही. तरी तो फोटोत आहे. चौकटीच्या खालच्या कडेला, सतरंजीच्या अलीकडं, तीन पायांची सावली आणि तिच्यावर वाकलेलं एक डोकं. चांगल्या कारागिरानं ही सावली येऊ दिली नसती. मला ती या फोटोतली सर्वांत बोलकी जागा वाटते, कारण तिच्यामुळं आणखी एक गोष्ट कळते: ऊन फोटोग्राफरच्या पाठीमागं होतं, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर. म्हणून सगळ्यांच्या कपाळाला आठ्या आहेत. पुढच्या पिढीनं त्या आठ्यांवरून आजोबा फार रागीट होते असा समज करून घेतला आणि त्या समजाच्या गोष्टीही तयार केल्या. घराण्याच्या स्वभावाचा एवढा मोठा वारसा दहा वाजताच्या उन्हानं दिलेला असू शकतो.

आणि डाव्या बाजूला दार. दाराच्या चौकटीवर एक हात, मनगटात बांगड्या, बाकीचं सगळं काळोखात. फोटोत यायचं नव्हतं आणि पाहायचं मात्र होतं, असा हात. कुणाचा, यावर घरात दोन मतं आहेत. थोरली सून सांगून गेली की तो तिचा. धाकटीचं म्हणणं, “त्या साली थे बाळंतपणाले माहेरी होती, थो हात माहा आहे.” मागं उभ्या असलेल्या सगळ्या पुरुषांची नावं घरात एकमतानं सांगतात. सतरंजीवरच्या दोन मुलींना मात्र कुणी ओळखत नाही. लग्न होऊन गेल्या, एवढंच.

या फोटोचं पुढं काय झालं ते सांगितल्याशिवाय त्याचं रसग्रहण पुरं होत नाही. म्हातारा वारल्यावर घरात त्याचा वेगळा फोटो नव्हता. मग याच ग्रुप फोटोतून त्याचं डोकं आणि खांदे काढून शहरातल्या एका स्टुडिओनं मोठं चित्र करून दिलं. अशी एन्लार्जमेंट त्या काळी घरोघरी झाली. मागचं छप्पर पुसून निळसर धूर भरला. सदऱ्यावर ब्रशनं कोट चढवला, जो त्यानं आयुष्यात अंगात घातला नसेल. आठ्या कमी केल्या. उजव्या खांद्याला जावयाच्या दुपट्ट्याचं टोक होतं ते कोटात मिसळून टाकलं, तरी तिरप्या उजेडात ते अजून ओळखू येतं. काम सफाईचं आहे, आणि ज्यांनी ते करून घेतलं त्यांच्या दुःखाची थट्टा मी करणार नाही. पण एन्लार्जमेंट छातीशी संपते. गुडघ्यांवरचे ते दोन हात त्यात नाहीत. शेतकऱ्याचे हात कापून त्याला कोट दिला, हा सौदा मला तोट्याचा वाटतो. हार मात्र या दुसऱ्या चित्रालाच आहे. मूळ फोटो पेटीत, जुन्या पत्रिकांच्या खाली.

अमेरिकेच्या दक्षिणेकडं आर्कान्सा राज्यात हेबर स्प्रिंग्ज नावाचं असंच एक लहान गाव आहे. तिथं माइक डिसफार्मर नावाचा तऱ्हेवाईक फोटोग्राफर होता, 1959 मध्ये वारला. शेतकरी, बायका, लढाईवर निघालेली पोरं, सगळ्यांचे तो साध्या पडद्यापुढं काचेच्या प्लेटवर फोटो काढायचा. पन्नास सेंटला तीन. हसा म्हणायचा नाही, सजवायचा नाही. त्याच्या प्लेटा वाचल्या, सत्तरच्या दशकात पुस्तक निघालं, आणि ज्या फोटोंना गावानं केवळ आठवण मानलं होतं ते संग्रहालयांत गेले. त्या गावातली माणसंही कॅमेऱ्यापुढं तशीच उभी राहतात, हात कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखी, आणि तरी आपली जागा न सोडणारी. आपल्याकडं काचेच्या निगेटिव्ह धुऊन त्या काचा फ्रेमला वापरल्याच्या हकिकती जुने लोक सांगतात. एखाद्या तालुक्याच्या फोटोग्राफरच्या प्लेटा जपून ठेवण्याइतकं मोल त्या काळी कुणाला वाटलं असतं?

पुढं आग्फाचा क्लिक थ्री आला, बडोद्याला तयार होणारा. 120 चा रोल, बारा फोटो. मग घरातलाच एखादा नोकरीवाला भाऊ फोटोग्राफर झाला आणि माणसं हळूहळू हसायला लागली. टेकडीवर गणपतीच्या पायऱ्यांवर काढलेले, बैलांच्या शिंगांना बेगड लावून काढलेले, नव्या सायकलीला धरून काढलेले फोटो या काळातले. सायकलीचा फोटो असेल तर माणूस सायकलीच्या मागं उभा असतो, पुढं कधीच नाही. या फोटोंत मजा आहे, पण ग्रुप फोटोतलं ते वजन नाही. बारा संधी असल्या की कुणी गुडघ्यावर बोटं फाकवून बसत नाही. आणि रंगीत फोटोंबद्दल न बोललेलं बरं. चिकट पानांच्या अल्बमांनी त्यांतले कितीतरी खाऊन टाकले.

तिन्ही कॅमेऱ्यांत मला पसंतीक्रम लावायचा झाला तर कारागिरीत कनू गांधी पहिले, यात शंका नाही. माहितीत रसेल. पण केळझरचा इतिहास म्हणून मी त्या पेटीतल्या फोटोला वर ठेवीन: मोडक्या पाठीची खुर्ची, डाग समजला गेलेला कापूस, तोंड नसलेलं लेकरू आणि दोन सुनांनी हक्क सांगितलेला हात, यांच्यासकट. तो चांगला फोटो नाही. पण त्यात बसलेल्यांनी काय पुढं करायचं ते स्वतः ठरवलं होतं, आणि जे ठरवलं नव्हतं तेही आत शिरलं.

तुमच्या घरात असा फोटो असेल तर या दिवाळीला तो खाली काढा आणि घरातलं सर्वांत वयस्कर माणूस शेजारी बसवा. लॅमिनेशन करू नका, फोटो कायमचा अडकतो. मोबाइलवर त्याची नक्कल काढा, पण नावं मूळ फोटोच्या मागंच लिहा. बॉलपेननं लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ शिसपेन्सिल घ्या. डावीकडून उजवीकडं, बसलेल्यांपासून सुरुवात करा. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर कुठं ना कुठं सापडतील. म्हणून बायकांची आधी लिहा: माहेरचं नाव, माहेरचं गाव, आणि दिलेलं गाव.